बद्द आवाज

आमच्या टेबलाच्या खणात पाच रुपयांचे एक जुने, जाड नाणे आहे. हल्लीच्या पितळी रंगाच्या नाण्यासारखे ते नव्हे. पूर्वी मिळत असे ते, रुपेरी, वजनदार, हातात घेतल्यावर काही घेतल्यासारखे वाटणारे. दानपेटीचा हिशेब करताना राहून गेले असावे, असे समजून आमच्या साहाय्यक धर्मगुरूंनी एकदा ते उचलून पेटीत टाकले होते. आम्ही सगळी चिल्लर पुन्हा टेबलावर ओतून ते शोधून काढले. त्यांना नवल वाटले, थोडे हसूही आले. त्या वेळी आम्ही खुलासा केला नाही. तो करावा, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

मातीचा माठ विकत घेताना जाणती माणसे काय करतात, हे वाचकांना ठाऊक आहे. आमची आजी कुंभाराच्या ओट्यावर बसून माठ एका हाताच्या तळव्यावर तोलून धरी आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याला टिचकी मारी. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का. आवाज ‘बद्द’ आला, की ती तो मुकाट्याने बाजूला ठेवी. कुंभार कितीही शपथा घेवो, डोळ्यांना कुठे भेग दिसो वा न दिसो, ती दुसरा माठ उचले. डोळ्यांना न दिसणारी भेग तिला ऐकू येत असे. आणि मुख्य म्हणजे एवढे करून माठ शाबूत राही. कलिंगड कापून पाहता येते, माठ फोडून पाहता येत नाही. वस्तू न मोडता तिच्या पोटातले जाणून घ्यायचे, या विद्येचे आज मोठे शास्त्र झाले आहे. ‘अविध्वंसक चाचणी’ असे भारदस्त नाव तिला देता येईल. पण आजीच्या टिचकीहून तिचे मूळ वेगळे नाही.

वैद्यकशास्त्रातही ही टिचकी अशीच आली. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे १७२२ साली जन्मलेले लेओपोल्ड आउएनब्रुगर हे एका खानावळवाल्याचे चिरंजीव. वडील तळघरातील पिंपांवर बोटे वाजवून मद्य कुठवर आहे ते ओळखीत, ते पाहून मुलाला कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे व्हिएन्नाच्या स्पॅनिश इस्पितळात वैद्य म्हणून काम करताना त्यांनी रुग्णांच्या छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत बसवली. जिथे हवा आहे तिथे आवाज पोकळ, जिथे पाणी साचले आहे तिथे बद्द. १७६१ साली त्यांनी त्यावर लॅटिनमध्ये छोटेसे पुस्तक लिहिले. त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. नेपोलियनचे वैद्य कोर्व्हिसार यांनी १८०८ साली त्याचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा कुठे ती पद्धत जगभर गेली. पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर निवर्तले. शोध लागायला एक बोट पुरले होते. ऐकून घेणारे मिळायला सत्तेचाळीस वर्षे गेली.

आता माठावरून फायबरकडे येऊ. फायबर हा शब्द आपल्याकडे सर्रास रूढ झाला आहे. गच्चीवरील पाण्याची टाकी फायबरची, कोळीवाड्यातली होडी फायबरची. आमच्या चर्चच्या आवारातील पवित्र मरियेचा पुतळादेखील आता फायबरचाच आहे, कारण सिमेंटचा पुतळा खाऱ्या वाऱ्याने खाल्ला. वस्तुतः फायबर म्हणजे नुसते तंतू. काचेचे बारीक तंतू, किंवा विमानांच्या बाबतीत कार्बनचे तंतू, रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून थरावर थर चढवतात आणि ते सारे एकजीव घट्ट होऊ देतात. तंतू ताण सोसतो, रेझिन तंतूंना धरून ठेवते. दोन पदार्थ एकमेकांचे उणेपण भरून काढतात, म्हणून अशा वस्तूला संमिश्र पदार्थ म्हणतात. कल्पना फार जुनी. कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून त्यावर शेणमातीचा गिलावा देणारे आपले पूर्वज हेच करीत होते. निर्गमाच्या पुस्तकात फारोने इस्राएली गुलामांना विटांसाठी गवताचा पेंढा देणे बंद केले, पण विटांची संख्या मात्र तीच मागितली, ती कथा आपण ऐकली आहे. चिखलाला पेंढ्याची गरज असते, हे त्या गुलामांना कोणी शास्त्रज्ञाने सांगावे लागले नव्हते.

या पदार्थाचे गुण थोर आहेत. तो हलका, लोखंडासारखा गंजत नाही, लाकडासारखा कुजत नाही. पण त्याचा एक अवगुण आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढची हकिकत कळणार नाही. पत्र्याला मार बसला तर पोचा पडतो. पत्रा आपले दुखणे लपवत नाही. थराथरांच्या वस्तूला बाहेरून मार बसला, की वरचा पृष्ठभाग पुष्कळदा पूर्ववत होतो, रंग जसाच्या तसा चकाकतो, आणि आतले थर मात्र एकमेकांपासून सुटतात. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे. विमानाच्या पंखावर कारागिराच्या हातून एखादे जड हत्यार पडले, तर वर जेमतेम ओरखडा दिसावा आणि खाली तळहाताएवढा पापुद्रा सुटलेला असावा, असे होऊ शकते. कधी मार बसण्याचेही कारण नसते. बनवतानाच हवेचे बुडबुडे राहतात, थराला सुरकुती पडते, चिकटायचे ते नीट चिकटत नाही. ओढताना असा भाग कदाचित निभावून नेईल. पण बाहेरून दाब आला, की सुटलेले थर कागदासारखे एकेकटे वाकतात. एकत्र असताना जे बळ होते ते उरत नाही.

हे आतले दुखणे शोधण्याच्या नाना तऱ्हा आहेत. त्यांतली पहिली आजीचीच: नाण्याने किंवा लहान हातोडीने ठोकत जायचे. थर घट्ट असतील तर नाणे क्षणार्धात उडते आणि आवाज टणक येतो. पापुद्रा सुटला असेल तर वरचा थर पडद्यासारखा हलतो, नाणे किंचित अधिक वेळ टेकते, आणि आवाज बद्द होतो. मोठमोठ्या विमान कंपन्यांच्या कार्यशाळांतही ही पद्धत चालते, हे वाचून आम्हांला आजीविषयी नव्याने आदर वाटला. दुसरी तऱ्हा आपल्या घरातील लेकीसुनांच्या परिचयाची आहे: सोनोग्राफी. कानाला न ऐकू येणारा, सेकंदाला लक्षावधी कंपनांचा आवाज आत सोडायचा आणि प्रतिध्वनी टिपायचा. हवेच्या फटीपाशी आला, की हा आवाज जवळजवळ सगळाच मागे फिरतो. म्हणून तर डॉक्टर पोटावर आधी ती थंडगार जेली लावतात, यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून. तिसरी तऱ्हा उष्णतेची: पृष्ठभाग एका झोतात तापवायचा आणि तो निवताना विशेष कॅमेऱ्याने पाहायचा. पापुद्र्याखाली हवा असली तर उष्णता खाली उतरत नाही, तो ठिपका इतरांहून अधिक वेळ गरम राहतो. एक्स-रेचा उपयोग मात्र इथे वाटतो तितका नाही. पुस्तक बंद करून वरून पाहिले तर दोन पानांमधील फट दिसत नाही, तसे हे आडवे पापुद्रे एक्स-रेला सहसा चकवतात.

आणखी एक तऱ्हा आहे, आणि आम्हांला ती सर्वांत विलक्षण वाटते. तिच्यात आपण काही ठोकायचे नाही, काही सोडायचे नाही. वस्तूवर भार द्यायचा, तिला सूक्ष्म आवाज टिपणारी यंत्रे चिकटवायची आणि ती स्वतः काय बोलते ते ऐकायचे. आतला एखादा तंतू तुटला, एखादा थर सुटला, तर बारीकसा ‘कट्’ होतो. जर्मनीतील योसेफ कायझर नावाच्या संशोधकाने १९५० साली म्युनिक येथील आपल्या प्रबंधात धातूंविषयी एक निरीक्षण मांडले: एकदा सोसलेला भार पुन्हा आला, तर पदार्थ गप्प राहतो, त्याहून अधिक भार आला तरच पुन्हा आवाज करतो. थरांच्या वस्तूंबाबत जाणकार याच्या उलट बाजूवर लक्ष ठेवतात. पूर्वी सहज पेललेल्या भाराखालीच वस्तू कण्हू लागली, तर ती आतून दुखावली आहे असे समजावे. आम्ही अनेक वर्षे लोकांची पापनिवेदने ऐकत आलो आहोत. हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

प्रत्येक तऱ्हेला मर्यादा आहे, हेही सांगितले पाहिजे. ६ मार्च २००५ रोजी क्युबातील वारादेरोहून क्वेबेककडे निघालेल्या एअर ट्रान्झॅटच्या एअरबस ए-३१० विमानाचे शेपटीकडील सुकाणू, जे संमिश्र पदार्थाचे होते, आकाशातच जवळजवळ सगळे तुटून गेले. वैमानिकांनी विमान मागे फिरवून सुखरूप उतरवले, ही देवाची कृपा आणि त्यांचे कौशल्य. कॅनडाच्या चौकशी मंडळाने पुढे म्हटले, की निर्मात्याने घालून दिलेली तपासणीची पद्धत सुकाणूतील सर्व दोष उघडकीस आणण्यास पुरेशी नव्हती. आतले दुखणे कदाचित अनेक उड्डाणांपूर्वीपासून असावे. डोळ्यांनी पाहणे आणि ठोकून ऐकणे यांच्या आवाक्यात सगळेच येत नाही. खोलवरचा दोष टिचकीला कळत नाही. आजीची टिचकी माठापुरती बरोबर होती.

परंतु आम्ही जी गोष्ट सांगणार आहोत, तिच्यात टिचकीला सर्व काही कळले होते.

ही २०१६ सालची हकिकत. त्या वेळी आम्ही उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील एका धर्मग्रामात होतो. तिथली निम्मी कुटुंबे कोळी ख्रिस्ती. पावसाळ्याची मासेमारीबंदी संपली, की होड्यांवरचे झाप उतरवले जात, रंगरंगोटी होई, पताका लागत, आणि पहिल्यांदा दर्यावर जाण्याआधी धर्मगुरूंनी येऊन प्रत्येक होडीला आशीर्वाद द्यावा, अशी प्रथा होती. बँड वाजे, नारळाच्या वड्या वाटल्या जात. आम्हांला तो दिवस फार प्रिय होता, हे कबूल करतो. वर्षभर आमच्या प्रवचनाला मागच्या बाकावर बसून पेंगणारे तांडेल त्या दिवशी आमच्यापुढे डोके उघडे करून उभे राहत.

आदल्या संध्याकाळी एक तरुण आमच्या निवासात आला. होड्यांना फायबरचे काम करणारा हा मुलगा आमच्याच धर्मग्रामातला. तो बसलाच नाही.

“फादर, काकांच्या होडीत एक जागा बद्द वाजतेय,” तो म्हणाला. “पाण्याच्या रेघेखाली, सुपाएवढी. मागच्या साली धक्क्यावर आपटली होती तिथंच. मी खडूनं खूण केलीय. थर सुटलेत आतले.”

“काकांना सांगितलंस का?”

“सांगितलं. ते म्हणाले, रंग बघ, आरशासारखा आहे. बाहेर साधा तडा नाही. तुला काम पाहिजे म्हणून बोलतोस.” तो थोडा थांबला. “उघडून, घासून, नवे थर द्यायला आठ दिवस लागतील. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील ते.”

त्याचे काका म्हणजे गावातले वजनदार तांडेल. चर्चच्या सणाला पहिली वर्गणी त्यांची. त्या होडीवर सोसायटीचे कर्ज होते. हंगामाचे पहिले आठ दिवस म्हणजे काय, ते कोळ्याला विचारावे. आणि चुलत्या-पुतण्यांमध्ये घराच्या वाटणीवरून कुरबुर चालू होती, तीही आमच्या कानांवर आली होती. हा मुलगा खरे बोलतो आहे, की घरचे भांडण आमच्या दारात आणतो आहे, असा एक विचार आमच्या मनाला शिवला. तो शिवला हे लिहिण्यास आज संकोच वाटतो. आम्ही म्हणालो, “उद्या सणाचा दिवस आहे. बघू, बोलू नंतर.”

दुसऱ्या दिवशी आम्ही आशीर्वाद दिला. त्या होडीपाशी पोहोचलो तेव्हा तिच्या बुडावर खडूचे वर्तुळ स्पष्ट दिसत होते. ते पुसण्याचीही तांडेलांना गरज वाटली नव्हती. आम्ही प्रार्थना म्हटली आणि पवित्र पाणी शिंपडले. काही थेंब त्या वर्तुळावर पडून खाली ओघळले, खडूची रेघ दोन ठिकाणी तुटली. तो तरुण गर्दीत उभा राहून आमच्याकडे पाहत होता.

आशीर्वाद म्हणजे तपासणीचा दाखला नव्हे, हे आम्ही सेमिनरीत शिकलो आहोत. प्रवचनात शंभरदा सांगितलेही आहे. पण त्या किनाऱ्यावर जमलेल्या माणसांच्या मनात त्या दोहोंमध्ये फार अंतर नसते, आणि हे आम्हांला ठाऊक होते. फादरांनी पाणी शिंपडले, म्हणजे आता पुतण्याच्या खडूला कोण विचारतो?

सप्टेंबरच्या मध्यास, किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर, वारा उठला असताना होडीचे बूड त्याच जागी उघडले. पाणी झपाट्याने आत आले. होडीवर पाच जण होते, त्यांत तांडेलांचा नुकताच बारावी झालेला मुलगा. मासळीच्या थर्मोकोलच्या पेट्या धरून ते दीड तास पाण्यात होते. मग शेजारच्या गावच्या एका होडीला ते दिसले. पाचही जण परत आले. होडी अर्धी बुडालेली ओढून आणली, इंजिन गेले, जाळी गेली, कर्ज राहिले. कोणी मेले नाही, म्हणून गावात कृतज्ञतेची मिस्सा झाली. ती आम्हीच अर्पण केली. तांडेल मिस्सानंतर आमचे हात धरून म्हणाले, “फादर, तुमच्या आशीर्वादानं वाचलो.” त्या वाक्याने आम्हांला जी शिक्षा झाली, तशी कोणत्याही दोषारोपाने झाली नसती. तेव्हाही आम्ही खरे काय ते बोललो नाही. पुतण्याही काही बोलला नाही.

ही गोष्ट आम्ही मनाच्या तळाशी ठेवून दिली होती. २०२३ सालच्या जूनमध्ये ती पुन्हा वर आली. टायटॅनिक जहाजाचे अवशेष पाहायला निघालेली ‘टायटन’ ही पाणबुडी १८ जून रोजी उत्तर अटलांटिक महासागरात नाहीशी झाल्याची बातमी वाचकांना आठवत असेल. चार दिवसांनी तिचे तुकडे सागरतळाशी सापडले. आतील पाचही जण मरण पावले होते. त्यांत वडिलांसोबत गेलेला एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. टीव्हीवर हे ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर थर्मोकोलची पेटी आली.

टायटॅनिक पडले आहे तिथे समुद्र सुमारे ३,८०० मीटर खोल आहे. तिथे दर चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर, जवळजवळ ३९० किलोंचा दाब असतो. अशा दाबासाठी पूर्वीच्या पाणबुड्यांची माणसे बसण्याची कुपी पोलादाची किंवा टायटॅनियमची आणि बहुधा गोल असे. टायटनची कुपी नळकांड्यासारखी, सुमारे पाच इंच जाडीच्या कार्बन तंतूंच्या थरांची होती. दोन्ही टोकांना टायटॅनियमचे घुमट. बाहेरून दाब हा थराथरांच्या वस्तूचा शत्रू, हे वर आलेच आहे.

ज्या ओशनगेट कंपनीची ही पाणबुडी होती, तिच्या सागरी कामांचा प्रमुख डेव्हिड लॉक्रिज याने जानेवारी २०१८ मध्येच एक अहवाल लिहून दिला होता. त्यात इतर दोषांबरोबर हेही होते, की कुपीची आतून तपासणी झालेली नाही. थरांत पोकळ्या किंवा सुटलेले पापुद्रे आहेत काय, हे कोणी पाहिलेले नाही. एवढ्या जाडीची तपासणी करणारे यंत्रच नाही, असे आपल्याला सांगण्यात आले, असे त्याने पुढे न्यायालयात म्हटले. तपासणीऐवजी कंपनीची भिस्त होती ती आम्ही वर सांगितलेल्या शेवटच्या तऱ्हेवर: कुपीला आवाज टिपणारी यंत्रे लावायची आणि खाली जाताना ती काय बोलते ते ऐकायचे. लॉक्रिजचे म्हणणे असे, की अशी सूचना कुपी फुटण्याच्या बेतात असताना, कदाचित क्षणभर आधी मिळेल. त्याचा उपयोग काय? त्याला नोकरीवरून काढले. त्याने सरकारच्या कामगार-सुरक्षा खात्याकडे तक्रार केली, कंपनीने त्याच्यावर दावा लावला, आणि अखेर त्याने माघार घेतली.

पण इतिहासाचा उपहास पाहा: ती ऐकणारी यंत्रे निरुपयोगी ठरली नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये बहामा बेटांजवळ पहिल्या कुपीतून खाली गेलेल्या कार्ल स्टॅन्ली या अनुभवी पाणबुडीचालकाने कडकड आवाज ऐकले आणि कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहून सावध केले. त्याच वर्षी त्या कुपीला तडा सापडला. ती टाकून दुसरी केली गेली. १५ जुलै २०२२ रोजी, या दुसऱ्या कुपीच्या एका फेरीत, वर येत असताना मोठा धडाका झाला. त्यानंतरच्या फेऱ्यांत कुपीवरील यंत्रांचे आकडे बदललेले होते. अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशीनुसार त्या दिवशीच कुपीचे थर सुटले होते. कुपी उघडून पाहिली गेली नाही. त्या हिवाळ्यात पाणबुडी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे उघड्यावर, थंडीवाऱ्यात ठेवली होती, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाण्यात उतरवली गेली. चौकशीत सागरतळावरून आणलेल्या आणि मूळच्या कुपीतून कापून ठेवलेल्या तुकड्यांत सुरकुत्या, बुडबुडे, पोकळ्या आढळल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ही दुर्घटना टाळता आली असती, असे स्वच्छ म्हटले आहे.

कंपनीचे प्रमुख स्टॉक्टन रश स्वतः ती पाणबुडी चालवीत होते आणि तेही गेले. वृत्तपत्रांनी त्यांना जो तो हवा तसा रंगवला. त्यांचा उन्मत्तपणा आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यांनी दुसऱ्यांना पाठवून स्वतः किनाऱ्यावर बसण्याचा मार्ग पत्करला नव्हता. आमचे तांडेलही पोटच्या मुलाला घेऊनच गेले होते. ज्याला आपल्या होडीवर विश्वास असतो त्याला समजावणे फार अवघड असते. तो खोटे बोलत नसतो, म्हणूनच अवघड. अशा वेळी पाहायचे ते आजूबाजूच्या माणसांकडे. बद्द आवाज ऐकणारा एक जण बहुधा प्रत्येक ठिकाणी असतोच. लॉक्रिज होता, खडूवाला तरुण होता. त्याच्या बाजूने उभे राहायला दुसरा एक जण लागतो, आणि तो दुसरा माणूस त्या संध्याकाळी आम्ही व्हायचे होते.

विवाहापूर्वी आम्ही चर्चमध्ये वधूवरांची नावे वाचून दाखवतो. कोणास काही अडथळा ठाऊक असल्यास त्याने धर्मगुरूंना कळवावे, असे सांगतो. ही प्रथा नुसता उपचार उरली आहे, असे तरुण मंडळी म्हणतात. आमच्या इतक्या वर्षांच्या सेवेत अवघी तीन माणसे काही सांगायला आली. मात्र मोडलेल्या संसारांच्या वेळी, “आम्हांला आधीच माहीत होतं फादर, पण कोण वाईटपणा घेणार?” असे सांगणारे कितीतरी भेटले. त्यांना आम्ही एके काळी बरेच खडसावत असू. २०१६ नंतर खडसावणे जमत नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये होड्यांचा दिवस पुन्हा आला. आदल्या रविवारी, मिस्साच्या शेवटी, आम्ही वेदीवरून घडले ते सांगितले: आम्हांला कळवले होते आणि आम्ही गप्प राहिलो. चर्चमध्ये कोणी हलले नाही. तांडेल दुसऱ्या बाकावर बसले होते. ते जमिनीकडे पाहत राहिले, आणि बाहेर पडताना आमच्याशी न बोलता गेले. महिनाभर ते बोलले नाहीत. नंतर बोलू लागले, पण पूर्वीसारखे हात धरून नव्हे.

होड्यांच्या दिवशी सकाळीच तो तरुण किनाऱ्यावर आमची वाट पाहत होता. बँडवाले अजून यायचे होते. त्याने खिशातून ते जाड नाणे काढून आमच्या हातावर ठेवले.

“आज तुम्ही वाजवून पाहा, फादर. आधी हे, मग पाणी.”

आम्ही झगा सावरून पहिल्या होडीपाशी वाकलो आणि ठोकू लागलो. सगळे आवाज सारखेच वाटत होते. दुसरी होडी झाली, तिसरी झाली. कमर भरून आली. आम्ही त्याला म्हणालो, “अरे, आमच्या कानांना हे कळायचं नाही.”

“घाई करताय,” तो म्हणाला. “ठोकायचं कमी, ऐकायचं जास्त.”

पाचव्या होडीच्या नाळेकडील बाजूस, पठाणापासून वीतभर वर, टक्-टक्-टक् चालले असता मध्येच एक आवाज खाली बसला. आम्ही थांबलो. पुन्हा त्याच जागी नाणे मारले. बद्द. दोन बोटे डावीकडे टणक, दोन बोटे उजवीकडे टणक, मध्ये बद्द. होडीचे मालक जवळच उभे होते. त्यांचा चेहरा उतरू लागला होता. मागे बँडवाले येऊन उभे राहिले होते, पण त्यांनी वाजवायला सुरुवात केली नव्हती.

“कुठं?” तरुणाने विचारले.

आम्ही त्या जागेवर बोट ठेवले. त्याने खिशातून खडू काढला.